‘डी५’ म्हणजे ५ नव्हे: ड्रायव्हर कोडमध्ये पिनला एकच नाव का लागतं?

विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर उघडला की आत काही अक्षरं आणि आकडे दिसतात. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर ए१ आणि ए२. ओव्हरलोड रिलेवर ९५-९६ आणि ९७-९८. कंपनी बदलली, पेटीचा रंग बदलला, तरी हे आकडे सहसा बदलत नाहीत, कारण आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांनी ते ठरवून दिले आहेत. ९५-९६ म्हणजे मोटरवर जास्त लोड आला की उघडणारा संपर्क. त्यामुळे दारव्ह्याचा इलेक्ट्रिशियन वणीजवळच्या एखाद्या वावरातला, आधी कधीही न पाहिलेला स्टार्टरसुद्धा दुरुस्त करू शकतो.

आता त्याच मोटरला फोनवरून चालू-बंद करणारं छोटं सर्किट जोडलं, असं समजा. त्यात एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड असतो आणि त्या बोर्डाला डझनभर पिना असतात. यातली कोणती पिन मोटर चालवते? बोर्डावर छापलंय ‘डी५’, कोडमध्ये लिहिलंय ‘१४’, वहीतल्या आकृतीत आहे ‘रिले’, आणि कोडच्या दुसऱ्या फाइलमध्ये ‘आउट१’. चारही नावं एकाच पिनेची आहेत. पण हे ज्याने सर्किट बनवलं त्यालाच माहीत असतं, आणि सहा महिन्यांनी त्याच्याही लक्षात राहत नाही.

हार्डवेअरच्या पिनेला कोडमध्ये सगळीकडे एकच आणि अर्थपूर्ण नाव का हवं, ते नसेल तर काय बिघडतं आणि जगभरच्या प्रोग्रामरनी यावर काय उपाय काढले, याची ही माहिती.

पिन म्हणजे काय, ड्रायव्हर म्हणजे काय?

मायक्रोकंट्रोलर किंवा प्रोसेसरच्या चिपमधून बाहेर आलेला धातूचा प्रत्येक पाय म्हणजे पिन. काही पिना विजेसाठी असतात. बाकीच्या बऱ्याच पिना कोडमधून हवं तसं काम करतात: कधी बाहेर सिग्नल पाठवतात, कधी सेन्सरकडून आलेला सिग्नल वाचतात. अशा बहुउपयोगी पिनांना जीपीआयओ म्हणतात.

ड्रायव्हर म्हणजे या पिनांशी प्रत्यक्ष बोलणारा कोडचा भाग. जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर, पाण्याची पातळी सांगणारा फ्लोट, मोटरचा रिले, मेसेज पाठवणारं जीएसएम मॉड्यूल अशा प्रत्येक वस्तूसाठी वेगळा ड्रायव्हर असतो. वरच्या प्रोग्रामला फक्त ‘मोटर बंद कर’ म्हणायचं असतं. त्यासाठी कोणत्या पिनेवर कोणता सिग्नल द्यायचा, हे ड्रायव्हरला माहीत असावं लागतं. म्हणजे नावाचा गोंधळ झालाच तर तो याच थरात होतो.

एकाच पिनेला इतकी नावं येतात कुठून?

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हमखास दिसणारा बोर्ड म्हणजे नोडएमसीयू. त्यावर ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप असते. या बोर्डावर छापलेली नावं आणि चिपमधले खरे जीपीआयओ क्रमांक वेगवेगळे आहेत:

- डी० म्हणजे जीपीआयओ १६
- डी१ म्हणजे जीपीआयओ ५
- डी२ म्हणजे जीपीआयओ ४
- डी३ म्हणजे जीपीआयओ ०
- डी४ म्हणजे जीपीआयओ २
- डी५ म्हणजे जीपीआयओ १४
- डी६ म्हणजे जीपीआयओ १२
- डी७ म्हणजे जीपीआयओ १३
- डी८ म्हणजे जीपीआयओ १५

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने आधी आर्डुइनो उनोवर प्रयोग केला. तिथे रिले ५ क्रमांकाच्या पिनेला होता आणि कोडमध्येही ५ च लिहिलं होतं. सगळं नीट चाललं. नंतर वाय-फाय हवं म्हणून त्याने नोडएमसीयू घेतला, रिलेची वायर ‘डी५’ला लावली आणि कोडमधला ५ तसाच ठेवला.

या बोर्डावर कोडमधला ५ म्हणजे जीपीआयओ ५, म्हणजेच डी१. रिलेला सिग्नल जातच नाही. त्याहून वाईट म्हणजे डी१ला पाण्याच्या पातळीचा सेन्सर जोडलेला असेल, तर जिथून वाचायचं त्याच पिनेवर बोर्ड उलट सिग्नल सोडायला लागतो. कंपायलर एकही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ५ हा वैध आकडा आहे. वायर बरोबर, कोड बरोबर, तरी मोटर हलत नाही. मग रिले बदलला जातो, बोर्ड बदलला जातो, आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

छापील अक्षरांवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. ईएसपी-१२ या मॉड्यूलच्या सुरुवातीच्या काही बोर्डांवर जीपीआयओ ४ आणि ५ यांची नावं अदलाबदल होऊन छापली गेली होती.

बोर्डाचा सातबारा

विदर्भातल्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. एकाच वावराला जुना सर्वे नंबर असतो, गट नंबर असतो आणि घरात त्याला ‘नाल्याकडचं वावर’ म्हणतात. कामाला जाताना कुणी गट नंबर सांगत नाही आणि तलाठ्याकडे ‘नाल्याकडचं’ म्हणून भागत नाही. दोन्ही नावं लागतात. म्हणूनच सातबाऱ्यावर भूमापन क्रमांकाबरोबर शेताचं स्थानिक नाव लिहायलाही जागा असते. क्रमांक आणि नाव यांची गाठ एकाच कागदावर बांधलेली असते.

पिनांच्या नावांमागचं तत्त्वही नेमकं हेच आहे. क्रमांक हार्डवेअरचा आणि नाव कामाचं. दोघांची गाठ कोडमध्ये एकाच ठिकाणी बांधायची आणि बाकी सगळीकडे फक्त नाव वापरायचं.

वरच्या उदाहरणात सुरुवातीलाच ‘पिन_मोटर_रिले = डी५’ अशी एक ओळ लिहिली असती आणि पुढे सगळीकडे ‘पिन_मोटर_रिले’ हेच नाव वापरलं असतं, तर बोर्ड बदलताना एकच ओळ तपासावी लागली असती. (प्रत्यक्ष कोडमध्ये ही नावं रोमन लिपीत लिहितात.) ‘५’ हा आकडा कोडमध्ये बारा ठिकाणी असेल, तर त्यातला कोणता ५ पिनेचा आणि कोणता पाच सेकंदांचा, हे ओळखणंही अवघड होतं.

रास्पबेरी पायवर क्रमांक बदलले तेव्हा

क्रमांकावर विसंबून राहणं किती धोक्याचं, हे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या इतिहासात दिसतं. हा बोर्ड २०१२ च्या सुरुवातीला आला आणि त्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती निघाली. दोन्हींवरची पिनांची रांग दिसायला सारखीच होती, पण तीन पिनांमागचे जीपीआयओ क्रमांक बदलले होते. पहिल्या आवृत्तीत रांगेतली १३ वी पिन जीपीआयओ २१ होती, दुसरीत ती जीपीआयओ २७ झाली. ३ आणि ५ या पिना आधी जीपीआयओ ० आणि १ होत्या, त्या २ आणि ३ झाल्या. ज्यांच्या कोडमध्ये थेट २१ लिहिलेलं होतं, त्यांचा कोड नव्या बोर्डावर भलत्याच ठिकाणी सिग्नल पाठवू लागला.

त्यात वायरिंगपाय नावाच्या लोकप्रिय लायब्ररीची क्रमांकपद्धत आणखी वेगळी होती. रांगेतली ११ वी पिन चिपच्या हिशेबात जीपीआयओ १७, तर वायरिंगपायच्या हिशेबात ०. एकाच पिनेला ११, १७ आणि ० असे तीन क्रमांक! त्यामुळे एखाद्या लेखात किंवा व्हिडिओत नुसतं ‘पिन १७’ म्हटलं, तर ते कोणत्या पद्धतीने, हे आधी शोधावं लागतं.

हा प्रश्न तिथेच संपला नाही. २०२४ मध्ये रास्पबेरी पायची ऑपरेटिंग सिस्टीम लिनक्स कर्नलच्या ६.६ आवृत्तीवर गेली, तेव्हा जुन्या ‘सिसएफएस’ पद्धतीतल्या क्रमांकांची सुरुवात ० ऐवजी ५१२ पासून होऊ लागली. म्हणजे ज्या स्क्रिप्ट जीपीआयओ १७ साठी थेट १७ लिहीत होत्या, त्यांना आता ५२९ लिहावं लागलं. हार्डवेअर तेच, वायर तीच. बदलला तो फक्त क्रमांक.

‘चालू’ म्हणजे १ की ०?

पिन कोणती हे कळलं, तरी दुसरा प्रश्न उरतो. त्या पिनेवर कोणता सिग्नल दिला की काम होतं?

बाजारात सहज मिळणारी बरीच रिले मॉड्यूल उलट्या रीतीने चालतात. इनपुटवर ० आला की रिले चालू आणि १ आला की बंद. अशा पिनेला ‘अॅक्टिव्ह लो’ म्हणतात. चिपच्या माहितीपत्रकात हे दाखवायच्याही अनेक रीती आहेत. रीसेटच्या पिनेवर आडवी रेघ असते, किंवा नावाआधी ‘एन’, किंवा नावानंतर ‘_एन’, किंवा शेवटी # हे चिन्ह. चारही खुणांचा अर्थ एकच: इथे ० दिला की रीसेट होईल.

ही खूण कोडमधल्या नावात उतरली नाही, तर ‘रिले = १’ ही ओळ वाचून मोटर चालू झाली की बंद, हे सांगता येत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात एक अर्थ असतो आणि वाचणाऱ्याच्या मनात दुसरा.

शेतात ही गफलत महागात पडते. यवतमाळ जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीनबरोबर रब्बीतला हरभरा-गहू विहिरी आणि बोअरवेलच्या पाण्यावर घेतला जातो. शेतीपंपाची वीज बऱ्याच ठिकाणी वेळापत्रकानुसार कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्री साप-विंचवाच्या भीतीत वावरात जावं लागू नये, म्हणूनच ऑटो स्विच आणि मोबाइल स्टार्टर लोकप्रिय झाले. वीज गेली आणि परत आली की असा बोर्ड नव्याने सुरू होतो. अॅक्टिव्ह लो रिलेची पिन ‘आउटपुट’ करताना तिच्यावर ० असेल, तर कोडने काही ठरवायच्या आतच रिले ओढला जातो. बोअरमध्ये पाणी नसेल आणि कोडची उलटी समजूत मोटरला चालूच ठेवत असेल, तर सबमर्सिबल मोटर कोरडी फिरते. ही मोटर थंड होते ती भोवतालच्या पाण्याने. पाणी नसेल तर ती तापते आणि जळते.

यावर उपाय सोपा आहे. ० आणि १ यांनाही नावं द्यायची: ‘रिले_चालू’ म्हणजे ०, ‘रिले_बंद’ म्हणजे १. हे एकाच ठिकाणी लिहायचं आणि पुढे फक्त ‘रिले_बंद’ वापरायचं. बोर्ड सुरू होताना आधी पिनेवर ‘रिले_बंद’ लिहायचं आणि मगच तिला आउटपुट करायचं. उद्या सरळ रीतीने चालणारं मॉड्यूल आणलं, तर त्या दोनच ओळी बदलतील.

पिन निवडतानाही हेच भान लागतं. ईएसपी८२६६ सुरू होताना जीपीआयओ ० आणि २ वर १ असावा लागतो आणि जीपीआयओ १५ वर ० असावा लागतो, नाहीतर बोर्ड नीट सुरूच होत नाही. म्हणजे डी३, डी४ आणि डी८ या पिना रिलेसाठी जपून वापरायच्या. हे कारणसुद्धा नावाशेजारी टिपणीत लिहिलेलं बरं.

लिनक्सने हा गुंता कसा सोडवला?

फोनपासून राउटरपर्यंत कोट्यवधी यंत्रांत लिनक्स चालतो आणि प्रत्येक बोर्डावर पिनांची जोडणी वेगळी असते. पूर्वी एआरएम प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये वेगळी फाइल असे आणि पिनांचे क्रमांक त्यात थेट कोरलेले असत. हा पसारा इतका वाढला, की २०११ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमच्या जगात ‘डिव्हाइस ट्री’ ही पद्धत रुजली.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचं वर्णन करणारी वेगळी फाइल. खऱ्या अर्थाने बोर्डाचा सातबारा. कोणत्या चिपची रीसेट पिन कुठल्या जीपीआयओला जोडली आहे आणि ती अॅक्टिव्ह लो आहे का, हे त्यात लिहिलेलं असतं. नावाचीही रीत ठरलेली आहे. आधी काम आणि मग ‘-जीपीआयओज’ हा प्रत्यय. रीसेटसाठी ‘रीसेट-जीपीआयओज’, एनेबलसाठी ‘एनेबल-जीपीआयओज’. शेवटी ‘-जीपीआयओ’ असं एकवचनी रूप जुन्या फाइलींत सापडतं, पण नव्या कामात ते वापरू नये असं कर्नलची कागदपत्रं सांगतात. एका ‘ज’साठी इतका आग्रह का, असं वाटू शकतं. पण हजारो ड्रायव्हरांत शोधताना एकच रूप असलं तर सगळं सापडतं, दोन असली तर निम्मं निसटतं.

२०१४ च्या सुरुवातीला आलेल्या ३.१३ आवृत्तीपासून कर्नलमध्ये ‘जीपीआयओडी’ ही नवी रीत आली. यात ड्रायव्हर क्रमांक मागत नाही, नावाने पिन मागतो: ‘मला रीसेट दे’. आणि त्यावर १ लिहिला, की त्याचा अर्थ ‘रीसेट लागू कर’ एवढाच होतो. पिन अॅक्टिव्ह लो असेल, तर प्रत्यक्षात ० पाठवायचं काम कर्नल स्वतः करतो. एकच ड्रायव्हर दहा वेगवेगळ्या बोर्डांवर न बदलता चालतो.

२०१६ च्या ४.८ आवृत्तीत ‘सिसएफएस’ला पर्यायही मिळाला आणि ती पद्धत जुनी ठरवली गेली. डिव्हाइस ट्रीमध्ये पिनांना नावं दिलेली असतील, तर ‘जीपीआयओइन्फो’ ही आज्ञा दिली की क्रमांकाशेजारी नावंही दिसतात.

कुणाच्या बाजूने नाव द्यायचं?

काही पिनांचं नाव बघणाऱ्यावर अवलंबून असतं. जीएसएम मॉड्यूलवर ‘टीएक्स’ लिहिलेलं असतं, म्हणजे मॉड्यूल तिथून पाठवतं. ती वायर बोर्डाच्या ‘आरएक्स’ला, म्हणजे घेणाऱ्या पिनेला लागते. कोडमध्ये नुसतं ‘जीएसएम_टीएक्स’ लिहिलं, तर ती मॉड्यूलची पाठवणारी पिन की बोर्डाची? आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरसीरियल लायब्ररीत आधी घेणारी आणि मग पाठवणारी पिन लिहायची असते. नावच संदिग्ध असेल तर अदलाबदल ठरलेलीच. त्यामुळे नावं बोर्डाच्या बाजूने द्यायची की मॉड्यूलच्या, हे प्रकल्पाच्या सुरुवातीलाच ठरवून लिहून ठेवावं.

एसपीआय या जोडणीत मात्र नावातच दोन्ही टोकं असतात: ‘एमओएसआय’ म्हणजे मास्टरकडून स्लेव्हकडे, ‘एमआयएसओ’ म्हणजे उलट. मालक-गुलाम असे शब्द नकोत म्हणून ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशनने ‘सीओपीआय’ आणि ‘सीआयपीओ’ ही नावं सुचवली. त्यात मास्टरच्या जागी कंट्रोलर आणि स्लेव्हच्या जागी पेरिफेरल आलं. आज बाजारात दोन्ही प्रकारची नावं छापलेले बोर्ड मिळतात. एका प्रकल्पात मात्र कोणतंही एकच वापरायचं.

नाव ठेवताना काय पाळावं?

- नाव कामावरून द्यावं. ‘पिन_१४’ किंवा ‘आउट१’ नको, ‘पिन_मोटर_रिले’ हवं.
- क्रमांक एकाच फाइलमध्ये असावा. बाकी कोडमध्ये पिनेचा नुसता आकडा दिसला की तो दोष समजावा.
- उलट्या पिनेची खूण नावात किंवा ‘चालू-बंद’च्या व्याख्येत असावी.
- तेच नाव सगळीकडे जावं. सर्किटच्या आकृतीत, वायरच्या चिठ्ठीवर आणि कोडमध्ये अक्षरही बदलू नये.
- क्रमपद्धत एकच असावी. ‘मोटर_रिले’ आणि ‘रिले_मोटर’ असं दोन्ही नको.
- नाव मराठी असलं तरी चालतं. ‘विहीर’ आणि ‘बोअर’ अशा दोन मोटरी असतील तर ‘मोटर१-मोटर२’पेक्षा ही नावं शंभर पटींनी स्पष्ट आहेत.

एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. नावं कितीही नेटकी असली, तरी मोटरचं संरक्षण कोडवर सोडायचं नसतं. ओव्हरलोडची ९५-९६ ची साखळी वायरनेच जोडलेली राहिली पाहिजे आणि छोट्या रिलेने थ्री फेज मोटर थेट न चालवता फक्त स्टार्टरचं कंट्रोल सर्किट हाताळलं पाहिजे. ही जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायची.

दुसऱ्याच्या हातात जाणारं काम

यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या किंवा पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांत शिकणारा विद्यार्थी चार वर्षांनी बाहेर पडतो. त्याने बनवलेलं सर्किट एखाद्या काकांच्या शेतात बसवलं गेलं, तर ते पुढेही चालायला हवं. तोवर तो पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरीला असेल. सर्किट बंद पडलं की ते उघडणारा माणूस वेगळा असणार: पुढच्या वर्गातला विद्यार्थी, गावातला मोबाइल दुरुस्त करणारा किंवा स्टार्टर बसवणारा इलेक्ट्रिशियन.

त्या माणसासाठी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला एक कागद पुरतो. त्यावर तीन रकाने: कामाचं नाव, बोर्डावर छापलेलं नाव आणि चालू करणारा सिग्नल. ‘मोटर_रिले, डी५, ०.’ ‘पाणी_पातळी, डी१, १.’ कोडमध्येही हीच नावं असतील, तर फोनवर एवढंच विचारावं लागेल, ‘मोटर_रिलेवर शून्य येतोय का?’